तीन हजार गुन्हेगारांची बोटे

विसाव्या शतकाच्या तोंडावर लंडनच्या न्यू स्कॉटलंड यार्डात सेंट्रल मेट्रिक ऑफिस नावाची एक कचेरी होती. तिचे काम माणसे मोजण्याचे. पकडलेल्या गुन्हेगाराची उंची, डोक्याची लांबी-रुंदी, पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट अशी मापे घ्यायची, फॉर्मवर लिहायची आणि फॉर्म फळीवर रचून ठेवायचे. नाव बदलता येते, दाढी वाढवता येते, पण बोटाची लांबी काही बदलता येत नाही, हा पॅरिसच्या पोलीस कचेरीतल्या आल्फाँस बर्तियाँचा सिद्धान्त. त्याच्या जोरावर युरोपभर अशी मापे साठली होती.

डब्ल्यू. आर. मॅक्डोनेल या अभ्यासकाने त्या फळ्यांवरून तीन हजार फॉर्म काढून घेतले. ते कसे निवडले हेही त्याने सांगून ठेवले आहे: ढिगातून हाताला लागतील तसे. उंची आणि मधले बोट यांचा मोठा तक्ता करून त्याने तो १९०२ साली ‘बायोमेट्रिका’ या नव्या नियतकालिकात छापला. तोवर पोलिसांच्या लेखी या मापांचे दिवस भरत आले होते. बंगालच्या पोलीस खात्यात बोटांच्या ठशांची पद्धत बसवून आलेल्या एडवर्ड हेन्री यांनी १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डातच ठशांचा विभाग उघडला, आणि बोटाच्या लांबीपेक्षा बोटावरच्या रेषा भरवशाच्या ठरल्या. मॅक्डोनेलचा तक्ताही एरवी ग्रंथालयातच पडून राहायचा. तो बाहेर काढला दारूच्या कारखान्यातल्या एका रसायनशास्त्रज्ञाने.

विल्यम सीली गॉसेट ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकला आणि १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागला. बिअरसाठी कोणते बार्ली बियाणे चांगले, कोणते हॉप्स घ्यावेत, असे प्रश्न तिथे प्रयोगाने सोडवत. पण शेतातला प्रयोग वर्षातून एकदाच होतो. चार ठिकाणी चार वाफे घातले की चार आकडे हातात येतात, पाचवा हवा असेल तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे. त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या आकड्यांवर पोसलेले होते. शेकडो, हजारो मोजमापे असतील तर सरासरी किती भरवशाची हे ते सांगू शके. चारच असतील तर काय, याचे धड उत्तर कोणाकडे नव्हते. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण चार शितांवरून केलेली परीक्षा किती वेळा फसते, हे कधी कोणी मोजलेले नसते. गॉसेटला नेमके तेच मोजायचे होते.

कंपनीने १९०६ मध्ये त्याला लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवले. मॅक्डोनेलचा तक्ता त्याच वर्तुळातला. गॉसेटने काय केले, तर तीन हजार गुन्हेगारांची मापे पुठ्ठ्याच्या तीन हजार तुकड्यांवर लिहिली. पत्ते पिसावेत तसे ते तुकडे भरपूर पिसले. मग एकेक उचलत गेला आणि त्यावरचे आकडे वहीत उतरवत गेला. वही भरली तेव्हा तीच तीन हजार माणसे तिच्यात होती, फक्त त्यांचा क्रम निव्वळ नशिबाचा होता. त्या क्रमाने चार-चार माणसांचा एक गट धरला. असे साडेसातशे गट झाले. प्रत्येक गटाची सरासरी काढली, प्रमाण विचलन काढले, उंची आणि बोट यांच्यातला सहसंबंध काढला. संगणक नाही, कॅल्क्युलेटर म्हणजे हाताने फिरवायचे यंत्र. किती दिवस लागले ते लेखात नाही. सवड असेल त्याने एका गटाचे गणित कागदावर करून पाहावे आणि त्याला साडेसातशेने गुणावे.

१९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचा लेख आला. आपल्या नोकरांनी स्वतःच्या नावाने काही छापलेले गिनेसला चालत नसे. लेखात गणिताने काढलेला वक्र आहे आणि पुठ्ठ्यांच्या प्रयोगाशी त्याचा पडताळा आहे. पण गॉसेट एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, आणि मला ती त्या लेखातली सर्वांत मोलाची वाटते. आधी पुठ्ठे झाले, सूत्र नंतर. गणित सुटत नव्हते तेव्हा त्याने उत्तर प्रयोगाने शोधायचा प्रयत्न केला होता. मोजून आलेल्या खऱ्या आकड्यांतून नवे, खरे वाटतील असे नमुने काढायचे आणि निसर्ग आपल्याशी किती प्रकारे वागू शकला असता ते पाहायचे, हा त्यामागचा विचार.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्याने आणखी एक युक्ती केली. उंची आणि बोट यांचा काहीच संबंध नसता तर चारच्या गटांत सहसंबंधाचे आकडे कसे आले असते, हे त्याला पाहायचे होते. खऱ्या माणसांत तर संबंध असतोच; उंच माणसाचे बोट लांब. मग त्याने एका गटाच्या उंच्या घेतल्या आणि बोटे शेजारच्या गटाची लावली. आकडे सगळे खरेच, नाते तेवढे तोडलेले. निघाले ते पाहण्यासारखे होते: उणे एकपासून अधिक एकपर्यंत सर्व आकडे जवळपास सारख्याच संख्येने आले. म्हणजे चारच माणसे मोजली तर काहीही संबंध नसताना जबरदस्त संबंध दिसणे ही रोजची गोष्ट. चार रुग्णांवर औषधाचा गुण पाहून लेख लिहिणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. तक्त्यात उंची इंचाइंचाच्या गटात होती. त्यामुळे चारही जण एकाच इंचात पडले की त्यांच्यातला फरक शून्य दिसे आणि गणित अडे. खऱ्या माणसांच्या उंच्या अशा तंतोतंत सारख्या नसतात. तो दोष फूटपट्टीचा. गॉसेटने तसे लिहूनही ठेवले आहे. नोंदीतून नवे आकडे काढायचे तर नोंदीतली ढोबळताही सोबत येते, ही अडचण पहिल्याच प्रयोगात भेटली.

गॉसेट पिसत बसला त्याच्या थोडे आधी दोन मोठ्या माणसांचे हात याच कामात पोळले होते. फ्रान्सिस गाल्टनला घंटाकृती वक्रानुसार पडणारे आकडे हवे होते. पत्ते नीट पिसले जात नाहीत, पिशवीतल्या गोट्या नीट मिसळत नाहीत, असे ठरवून त्याने १८९० मध्ये लाकडी फासे करून घेतले. प्रत्येक पृष्ठाच्या चारही कडांना आकडे लिहिले. फासा पडला की वरच्या पृष्ठाची आपल्याकडची कड वाचायची. एका फाशात चोवीस शक्यता. आकडे असे निवडलेले की टाकत राहिले तर घंटेचा आकार यावा. लॉर्ड केल्विनने वायूच्या रेणूंची टक्कर समजून घेण्यासाठी चिठ्ठ्या वापरल्या. त्यांचा लेख १९०१ चा. भांड्यात चिठ्ठ्या टाकून कितीही ढवळल्या तरी सर्वांना सारखी संधी मिळत नाही, अशी कबुली त्यांनी तळटीपेत दिली आहे. नियम बनवणे सोपे, ढवळणे कठीण. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा येणार आहे.

ढवळण्यापासून पहिली मोठी सुटका लिओनार्ड टिपेट याने केली. मँचेस्टरला कापूस-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या या तरुणालाही चिठ्ठ्यांचा अनुभव कडूच होता. पिअर्सनच्या सल्ल्याने त्याने जनगणनेच्या अहवालातले गावांच्या क्षेत्रफळांचे आकडे घेतले, त्यांचे आगेमागेचे अंक छाटले आणि मधले अंक ओळीने मांडले. १९२७ साली ४१,६०० अंकांची ती पुस्तिका निघाली. ना गोष्ट ना तक्ता, पानेच्या पाने नुसते अंक. आता पिसायला नको. माणसांना क्रमांक द्या, पुस्तिका कुठेही उघडा, जो क्रमांक येईल तो माणूस उचला.

अशा पुस्तिका मग बऱ्याच निघाल्या आणि प्रत्येकीची काही ना काही गंमत आहे. फिशर आणि येट्स यांनी लॉगॅरिथमच्या वीस अंकी कोष्टकातले शेवटाकडचे अंक घेतले, तर सहाचा आकडा जास्त वेळा आला. त्यांनी काही सहा काढून दुसरे अंक घातले. नशिबाने दिलेले नशिबासारखे दिसत नाही म्हणून त्याला हाताने नीटनेटके करणे योग्य की अयोग्य, यावर संख्याशास्त्रज्ञ अजूनही हसत-हसत वाद घालतात.

टिपेटच्या पुस्तिकेला कलकत्त्यात लगेच गिऱ्हाईक मिळाले. प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये ‘संख्या’ नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात घंटाकृती वक्रातून काढलेल्या नमुन्यांची कोष्टके छापली. मुळाशी टिपेटचेच अंक. पुढे बंगालच्या तागाच्या पाहणीत नकाशावर कुठे टिंब द्यायचे, शेतात कुठे उभे राहायचे, हे यादृच्छिक अंकच ठरवू लागले. याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि डॉक्टरेट घेऊन परतले. कापणीसाठी शेतातला तुकडा केवढा घ्यावा यावर सुखात्मे आणि महालनोबिस यांचे चांगलेच वाजले. तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांचे म्हणणे. आजही पीक कापणी प्रयोगात कोणता गट नंबर घ्यायचा, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीत किती पावले आणि रुंदीत किती पावले चालायचे, ते यादृच्छिक अंकांवरूनच ठरते. पीकविम्याची भरपाई त्या कापणीवर अवलंबून असल्याने ‘हाच तुकडा का?’ असा प्रश्न बांधावर हमखास येतो. गॉसेटच्या पुठ्ठ्यांना कोणी वादी नव्हता, इथे असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्याचा वेगच बदलला. १९४६ मध्ये स्टानिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत होता आणि वेळ घालवायला एकट्याने पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, याचे गणित बसेना. मग त्याच्या मनात आले की शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजावे. लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत तेव्हा न्यूट्रॉनच्या वाटचालीचा हिशेब अडला होता. जॉन फॉन नॉयमन याने ती कल्पना उचलली, १९४७ च्या मार्चमध्ये सविस्तर पत्र लिहून योजना मांडली, आणि पुढल्या वर्षी एनिॲक या यंत्रावर पहिले हिशेब झाले. यंत्राच्या सूचना लिहिण्यात क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा वाटा होता. उलामचा एक काका जुगारासाठी नातेवाइकांकडून उसने घेऊन मोंटे कार्लोला जाई. त्यावरून त्यांचा सहकारी निकोलस मेट्रोपोलिस याने पद्धतीला ‘मोंटे कार्लो’ हे नाव दिले.

प्रश्न असा होता की यंत्राजवळ फार तर शून्य ते एकमधले सपाट आकडे, सर्वांना सारखी संधी असलेले. निसर्गातले आकडे मात्र सपाट नसतात. उंची मधोमध दाटते, पगार एका बाजूला लांब शेपूट काढतात. सपाटातून हवा तो आकार काढण्याचे दोन रस्ते त्या मंडळींनी नीट आखले. पहिल्यात निरीक्षणांना लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करायचे आणि सपाट आकडा म्हणजे रांगेतले स्थान समजायचे. ०.२५ आला तर पाव रांग ओलांडून तिथे जो उभा असेल त्याचे माप घ्यायचे. दुसरा रस्ता अधिक रोखठोक. हव्या आकाराभोवती चौकट काढायची, तिच्यात डोळे मिटून टिंबे टाकायची, आकाराच्या आत पडले ते ठेवायचे, बाहेर पडले ते फेकून द्यायचे. तांदूळ निवडताना खडे काढावेत तसे. या ‘फेकून देण्याच्या’ रीतीची गाठ आपल्याला लेखाच्या शेवटी पुन्हा पडेल.

सपाट आकडे तरी आणायचे कुठून? अमेरिकेतल्या रँड या संस्थेने विजेच्या स्पंदांवर चालणारे एक प्रकारचे इलेक्ट्रॉनिक रूलेट बांधले आणि दहा लाख अंक पंचकार्डांवर उतरवले. वीस हजार कार्डे, एकेकावर पन्नास अंक. यंत्र महिनाभर हात न लावता चालवले तर तेही एका बाजूला कलू लागले. म्हणून अंकांच्या जोड्यांची बेरीज करून त्यांना पुन्हा एकदा ‘ढवळावे’ लागले. १९५५ मध्ये त्याचे जाडजूड पुस्तक निघाले. संगणकाला मात्र पुस्तक वाचत बसणे परवडणारे नव्हते. त्याला आकडे जागच्या जागी हवेत. डी. एच. लेमर याने १९४९ मध्ये सोपी कृती सुचवली: आधीच्या आकड्याला एका ठरलेल्या संख्येने गुणा, दुसरीने भागा, बाकी ठेवा, तीच पुन्हा गुणा. हे आकडे मुळीच यादृच्छिक नसतात. सुरुवात तीच दिली तर माळ तीच निघते. ते फक्त यादृच्छिकासारखे दिसतात, आणि बहुतेक कामांना तेवढे पुरते.

बहुतेक, सर्व नव्हे. आयबीएमच्या यंत्रांसोबत साठच्या दशकात ‘रँडू’ नावाची कृती जगभर पसरली, गुणक ६५,५३९. सुट्या आकड्यांकडे पाहिले तर काही वावगे दिसत नसे. पण लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन त्यांची अवकाशात टिंबे मांडली, तर ती सर्वत्र विखुरण्याऐवजी अवघ्या पंधरा पातळ्यांवर बसत, जणू कोणी पापड रचून ठेवलेत. अशा गुणाकाराच्या सर्वच कृतींना हा रोग कमी-अधिक असतो, हे जॉर्ज मार्साग्लियाने १९६८ मध्ये दाखवून दिले. तोवर रँडूवर किती प्रबंध उभे राहिले होते, याचा हिशेब कोणी लावू शकणार नाही.

त्याच सुमारास साध्या चिठ्ठ्यांनीही अमेरिकेला दगा दिला. १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांचा क्रम ठरवायला ३६६ जन्मतारखा प्लास्टिकच्या डब्यांत घालून काचेच्या बरणीतून काढल्या. पहिली तारीख १४ सप्टेंबर निघाली. डबे महिन्यामहिन्याने भरले होते आणि पुरेसे हलवले नव्हते, त्यामुळे वर्षाअखेरच्या तारखा वर राहिल्या. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी २६ पहिल्या अर्ध्यात आल्या. केल्विनची तळटीप कोणी वाचली असती तर! पुढच्या सोडतीपूर्वी सांख्यिकांना बोलावून यादृच्छिक अंकांची कोष्टके वापरली गेली. डिसेंबरात जन्मलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

या साऱ्या धांदलीत गॉसेटची मूळ कल्पना मागे पडली होती. कित्येक वर्षे संख्याशास्त्रज्ञ गणिताने रेखलेल्या वक्रांतून आकडे काढत होते. निरीक्षणांना घंटाकृती वक्र बसतो असे मानायचे, वक्राची दोन मापे काढायची आणि मूळ आकडे बाजूला ठेवून द्यायचे. वक्र हाताळायला सोपा, सूत्रे तयार. पण जगाला वक्र माहीत नसतो. माणदेशातल्या एखाद्या मंडलाच्या पावसाला घंटाकृती वक्र लावून आकडे काढायला बसा; थोड्याच वेळात उणे पाऊस पडेल.

स्टॅनफर्डच्या ब्रॅडली एफ्रॉनने १९७९ मध्ये एक लेख छापला आणि पुठ्ठ्यांची पिशवी परत आणली. त्याचे म्हणणे असे: लोकसंख्या माहीत नाही, वक्र माहीत नाही, हातात आहेत ती निरीक्षणे तेवढी खरी. मग तीच पिशवीत भरा. एक उचला, लिहून घ्या, परत पिशवीत टाका. जितकी निरीक्षणे तितक्या वेळा उचला. हा एक बनावट नमुना. त्यावरून सरासरी काढा, सहसंबंध काढा, मधला आकडा काढा, काय हवे ते. मग पुन्हा नवा नमुना, असे हजारदा. उत्तरे जेवढी पसरतील तेवढा तुमच्या मूळ उत्तराचा बिनभरवसा.

सगळी किमया ‘परत टाका’ या दोन शब्दांत आहे. परत न टाकता पंधराच्या पंधरा चिठ्ठ्या उचलल्या तर दर वेळी तोच संच, फक्त क्रम वेगळा. परत टाकल्या की काही दोनदा-तीनदा येतात आणि सरासरीने तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या अधिक अजिबात येत नाहीत. पंधरा चिठ्ठ्यांतून असे वेगवेगळे संच किती? ७,७५,५८,७६०. एफ्रॉनचे लाडके उदाहरण पंधरा विधी महाविद्यालयांचेच आहे: प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पदवीचे गुण यांचा सहसंबंध ०.७७६. पिशवीतून पुन्हा पुन्हा उचलल्यावर दिसले की हा आकडा सुमारे ०.१३ इतका इकडेतिकडे हलू शकतो. तिसरा दशांश लिहिणेच हास्यास्पद.

नाव पडले ‘बूटस्ट्रॅप’. स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच तळ्यातून वर काढणाऱ्या गप्पिष्ट बॅरन म्युन्शाउझेनची ही आठवण; जुन्या जर्मन कथेत तो बूट नव्हे, स्वतःची वेणी ओढतो. आपल्याकडचे नैयायिक म्हणत की कितीही तयारीचा डोंबारी असला तरी तो स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. एफ्रॉनवर पहिला आक्षेप नेमका हाच होता. मूठभर शितांवरून भात शिजला का ते ठरवायचे, आणि त्या ठरवण्यावर विश्वास किती ठेवावा हेही त्याच मुठीला विचारायचे? १९८१ मध्ये पीटर बिकेल आणि डेव्हिड फ्रीडमन यांनी, आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून गेलेल्या केसर सिंग यांनी स्वतंत्रपणे, हे कधी चालते ते गणिताने सिद्ध केले. सरासरीसारख्या मापांना ही डोंबाऱ्याची उडी जमते. सिंग यांनी तर दाखवले की पुष्कळदा ती घंटाकृती वक्रापेक्षाही सरस उतरते. संगणक स्वस्त होत होते. जे गॉसेटने एकदा केले आणि पुन्हा करायला धजला नसता, ते आता जेवणाच्या सुट्टीत होऊ लागले.

कधी जमत नाही, तेही त्याच वर्षी कळले होते. कमाल आकडा विचारला की पिशवी थिटी पडते, कारण तिच्यात जे नाही ते तिच्यातून निघत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याआधीच्या सगळ्या नोंदी चिठ्ठ्यांवर लिहून कोणी कोटी वेळा उचलल्या असत्या तरी तो आकडा हाती आला नसता. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. तिथली पिशवी तर आणखीच बेसावध राहिली असती. नाल्याची रुंदी ठरवणाऱ्याला पिशवीखेरीज वक्रही लागतो, शेपटीचा अंदाज बांधणारा.

मधला मार्गही निघाला. चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरच्या आकड्याला एक बारीकसा धक्का द्यायचा. पाच फूट सहा इंच निघाले तर कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. निरीक्षणांमधल्या फटी बुजतात, इंचाइंचाची दातरी कड गुळगुळीत होते, आणि गॉसेटला अडवणारे चार सारखे उंच गुन्हेगार दिसेनासे होतात. धक्का किती मोठा द्यायचा, यात मात्र सूत्रापेक्षा जाणकारी जास्त लागते. फार दिला की माणसे पुसट होतात, आणि शून्याजवळच्या आकड्यांना दिला की पुन्हा उणे पाऊस.

अलीकडे या कलेला वेगळेच गिऱ्हाईक मिळाले आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९९३ मध्ये सुचवले की जनगणनेसारखी माहिती अभ्यासकांना देताना खऱ्या माणसांच्या नोंदी द्यायच्याच नाहीत. त्यांच्यावरून खऱ्यासारखी माणसे बनवावीत, वय-उत्पन्न-शिक्षण यांची नाती तशीच ठेवावीत आणि ती काल्पनिक वस्ती वाटावी. नुसत्या चिठ्ठ्या उचलून हे होत नाही, कारण चिठ्ठी म्हणजे खरा माणूसच. इथे आकडा आकड्यावर टेकवत नवा माणूस घडवावा लागतो, आणि दोन धोक्यांच्या मधून चालावे लागते. फार हुबेहूब झाला तर मूळ माणूस ओळखू येतो, फार सैल झाला तर अभ्यास निरर्थक. स्कॉटलंड यार्डातल्या त्या तीन हजारांना कोणी विचारले नव्हते. त्यांची नावे मॅक्डोनेलच्या तक्त्यात नाहीत, एवढाच त्यांचा आडोसा.

आज हे सारे जिथे चालते ती आर ही भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी नव्वदच्या दशकात रचली; तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. मूळ प्रेरणा बेल प्रयोगशाळेतल्या एस या भाषेची. ती फुकट मिळते, म्हणून कॉलेजातल्या विद्यार्थ्यापासून कंपनीतल्या विश्लेषकापर्यंत सर्वांच्या हातात आहे. तिच्यात ‘सँपल’ हा एक शब्द लिहिला की पिशवीतून उचलणे होते, आणि परत टाकायचे की नाही ते एका खुणेने सांगता येते. आतली अंकांची माळ माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांची. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागणाऱ्या आकड्यांची संख्या लिहायची तर सहा हजारांहून जास्त अंक लागतील.

तरीही ढवळण्यातला दोष पिच्छा सोडत नव्हता. पिशवी फार मोठी, लक्षावधी चिठ्ठ्यांची असेल तर ‘सँपल’ सर्वांना नेमकी सारखी संधी देत नव्हते. सपाट आकड्याला गुणून पूर्णांकात उतरवताना काही चिठ्ठ्यांना किंचित झुकते माप मिळे. हे लक्षात आल्यावर २०१९ च्या एप्रिलमध्ये, ३.६.० या आवृत्तीत, आरच्या मंडळींनी ती रीत बदलली. नवी रीत फॉन नॉयमनची जुनीच: मर्यादेबाहेरचा आकडा आला की ओढूनताणून बसवायचा नाही, फेकून द्यायचा आणि नवा काढायचा. जुने निकाल जसेच्या तसे पुन्हा हवे असणाऱ्यांसाठी जुन्या ढवळण्याची सोयही ठेवली आहे, चुकीसकट.

कोणाच्या संगणकावर आर असेल तर ‘क्रिमटॅब’ एवढेच लिहून पाहावे. बेचाळीस ओळी आणि बावीस रकान्यांचा एक तक्ता समोर येईल, उंच्या इंचांतून सेंटिमीटरमध्ये आणलेल्या. त्याच्या माहितीच्या पानावर गॉसेटने पान क्रमांकाचा जो संदर्भ दिला होता तो चुकला असल्याची नोंद आहे. तक्ता २१९ व्या पानावर नसून २१६ व्या पानावर आहे. मॅक्डोनेलचे तीन हजार गुन्हेगार तेच, डाव्या हाताच्या मधल्या बोटांसह.